हजेरीपटापासून सुरुवात

जुलैतल्या एखाद्या दुपारी प्राथमिक शाळेच्या वर्गात डोकावून पाहावे. बाहेर पावसाची झड लागलेली, पाणी आत येते म्हणून वाऱ्याकडच्या खिडक्या लावून घेतलेल्या. दाराशी ओल्या रेनकोटांचा ढीग आणि त्याचा कुबट वास. दोघांच्या बाकावर तिघे दाटीवाटीने बसलेले. पहिलीतल्या मुलीच्या गणवेशाला पिनेने अडकवलेला रुमाल. त्यानेच नाक पुसायचे, त्यानेच पाटी पुसायची आणि डबा खाऊन झाल्यावर तोंडही त्यालाच. मागच्या बाकावरून शिंक येते, खिडकीजवळ कोणाला तरी खोकल्याची उबळ येते आणि पाढे पुढे चालू राहतात. हे चित्र इतके ओळखीचे आहे, की त्यात अभ्यास करण्याजोगे काही असेल असे सहसा मनातही येत नाही. शाळकरी मुलांमध्ये फ्लू कसा पसरतो आणि तो कसा आवरता येतो, या विषयाचा उंबरठा मात्र हाच वर्ग आहे.

या उंबरठ्यावर वाचकांचे मनापासून स्वागत. आजारांचा विषय म्हणजे डॉक्टरांचा प्रांत, असे समजून अनेक शिक्षक आणि पालक त्यापासून दूर राहतात. त्यांचा संकोच मी समजू शकतो. विषाणूंची नावे, लसींचे प्रकार, साथीचे आलेख हे सारे पहिल्या भेटीत परके वाटते. पण शाळांच्या आरोग्य तपासणीच्या निमित्ताने वर्षानुवर्षे वर्गावर्गांतून फिरल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. या आजाराची चाहूल सर्वांत आधी लागते ती हजेरी घेणाऱ्या माणसाला. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येतो, दवाखान्यातली गर्दी नंतर होते. आधी हजेरीपटावर एकाच आठवड्यात चार-पाच गैरहजेऱ्या पडतात. त्या वाचता येणे हे एक कौशल्य आहे आणि ते शिकता येते.

सुरुवात शब्दापासून करू. आपल्याकडे नाक गळाले की सर्दी, अंग तापले की ताप, आणि दोन्ही घरोघरी दिसू लागले की ‘व्हायरल आहे’ किंवा ‘साथ आहे’ म्हणून विषय संपतो. फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा हा त्यातला एक वेगळा आणि निश्चित आजार आहे. सर्दी हळूहळू चढते. फ्लूमध्ये सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी तापाने फणफणते, अंग ठणकते, डोके दुखते, कोरडा खोकला लागतो. लहान मुलांत उलट्या-जुलाबही दिसतात. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत लक्षणे उमटतात. वाचकांनी एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे: ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच रुग्ण इतरांना आजार देऊ शकतो. मोठ्या माणसात ही मुदत आजारपणाच्या पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत असते. लहान मुलांत ती त्याहूनही लांबते.

विषाणूचे मुख्य प्रकार दोन, ए आणि बी. पैकी ए प्रकार साऱ्या जगाला वेठीला धरणाऱ्या साथी आणतो. त्याचा जनुकीय ऐवज आठ सुट्या तुकड्यांत असतो. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन अगदी नवा विषाणू जन्माला येऊ शकतो. याशिवाय दर वर्षी बारीकसारीक बदल चालूच असतात. म्हणून गेल्या वर्षीची प्रतिकारशक्ती यंदा अपुरी पडते आणि लस दर वर्षी घ्यावी लागते. एवढे समजले, तरी विषयाच्या शास्त्रीय बाजूचा पाया पक्का झाला असे समजा.

महाराष्ट्राचा या आजाराशी जुना आणि दुःखद परिचय आहे. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. काही महिन्यांत ती साथ देशभर पसरली आणि भारतात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली. आपल्या खेड्यापाड्यांत तिला ‘मानमोडी’ म्हणत. वयोवृद्धांच्या बोलण्यात हा शब्द अजून कधी कधी येतो. ऐकायला मिळाला तर त्यांना थांबवू नका, त्यांच्या घरातले कोण गेले ते विचारा. कागदोपत्री इतिहासाला न सापडलेले बरेच काही अशा बोलण्यात असते.

आजच्या पालकांची आठवण मात्र २००९ ची आहे. मेक्सिकोत एप्रिलमध्ये दिसलेला नवा एच१एन१ विषाणू जूनमध्ये जागतिक साथ म्हणून जाहीर झाला. त्या पावसाळ्यात पाचगणीतील एका निवासी शाळेत तो पसरला. तिथे झालेल्या अभ्यासात बहुतेक मुलांचा आजार सौम्य असल्याचे आढळले. पुढे ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा तो देशातील पहिला मृत्यू होता. त्यानंतरचे पुणे ज्यांनी पाहिले त्यांना नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, औषधांच्या दुकानांतून संपलेले मास्क आणि बंद पडलेल्या शाळा आठवत असतील. पाचगणी आणि पुणे ही एकाच विषाणूची, एकाच पावसाळ्यातली दोन रूपे होती. बहुसंख्य मुलांना हा आजार चार दिवसांत सोडतो आणि मोजक्या मुलांना तो सोडत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणे सोपे नसते. अभ्यासाने ते जमू लागते.

याच पुणे शहरात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. २००९ मध्ये संशयित रुग्णांचे नमुने तिच्या प्रयोगशाळेत येत होते. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, नाकात फवारायची स्वाइन फ्लूची लस पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटने बाजारात आणली. शिक्षकांच्या बैठकीत हे सांगितले की अनेकांना नवल वाटते. फ्लूवरचे मोलाचे काम आपल्या दारात झाले आहे. त्याची ओळख मराठीतून व्हावी, ही माझी फार दिवसांची इच्छा.

नव्या वाचकाला या क्षेत्राची गोडी लावायची असेल, तर मी त्याला एका इंग्लिश वसतिगृहाची हकिकत सांगतो. १९७८ च्या जानेवारीत उत्तर इंग्लंडमधल्या एका मुलांच्या निवासी शाळेचे सत्र सुरू झाले. हाँगकाँगहून सुट्टी संपवून आलेला एक विद्यार्थी तापाने पडला. २२ जानेवारीला शाळेच्या आजारी-खोलीत तीन मुले होती. दोन दिवसांत पंचवीसच्या वर, आणखी दोन दिवसांत दोनशेच्या वर. आठवडा संपायच्या आत जवळजवळ तीनशे मुले एकाच वेळी अंथरुणावर होती. मग आकडा उतरू लागला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साथ ओसरली. शाळेत मुले होती ७६३. त्यांपैकी ५१२ आजारी पडली. ही नोंद त्याच वर्षी मार्चमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली आणि तेव्हापासून साथींचे गणित शिकणाऱ्या पिढ्यानुपिढ्यांनी आपला पहिला आलेख याच आकड्यांवरून काढला.

या हकिकतीजवळ जरा थांबा. त्या मुलांच्या संपर्कात सुमारे १३० मोठी माणसे होती, शिक्षक, स्वयंपाकी, नोकरचाकर. त्यांपैकी आजारी पडली ती फक्त एक गृहपालिका. असे का झाले? या साथीमागचा विषाणू एच१एन१ चा जुना प्रकार होता; तो १९५७ नंतर जगातून नाहीसा झाला होता आणि १९७७ मध्ये परतला होता. ज्यांचे बालपण १९५७ पूर्वीचे, त्यांच्या शरीराला तो ओळखीचा होता. मुलांना नव्हता. शिवाय ती मुले एका छताखाली झोपत, एका टेबलावर जेवत, एका वर्गात बसत. विषाणूला अनोळखी शरीरे आणि ती एकमेकांजवळ, अशा दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते या दोन आठवड्यांत स्पष्ट दिसते. आपल्या आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांचा विचार करताना मला ही शाळा नेहमी आठवते. तिथे आजारी मुलासाठी निदान एक वेगळी खोली, एक वेगळे ताट-वाटी आणि त्याच्याजवळ बसणारे एक माणूस ठरलेले असावे, ही मागणी मोठी नाही.

फ्लूची लागण प्रौढांपेक्षा मुलांना कितीतरी अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ढोबळ अंदाजाप्रमाणे वर्षाला पाच ते दहा टक्के प्रौढांना आणि वीस ते तीस टक्के मुलांना तो होतो. मुले तो घरी नेतात. घरी आजी असते, दम्याचे आजोबा असतात, बाळंतीण मावशी असते. म्हणून शाळेत आजार अडवला तर शाळेबाहेरची माणसे वाचतात का, हा या क्षेत्रातला मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रश्न आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात टेकमसे नावाच्या गावी सुमारे ८५ टक्के शाळकरी मुलांना लस देण्यात आली. शेजारच्या एड्रियन गावात तशी मोहीम नव्हती. त्या हिवाळ्यात टेकमसेतले एकूण आजारपण एड्रियनच्या सुमारे एक तृतीयांश राहिले, आणि त्याचा लाभ मोठ्या माणसांनाही झाला. जपानने तर १९६२ पासून शाळकरी मुलांना लस देण्याचा कार्यक्रम राबवला, १९८७ मध्ये तो ऐच्छिक केला आणि १९९४ मध्ये थांबवला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या काळाचे मृत्यूचे आकडे तपासले. मुलांच्या लसीकरणामुळे जपानमध्ये वर्षाला ३७,००० ते ४९,००० मृत्यू, मुख्यतः वृद्धांचे, टळत असावेत असा त्याचा निष्कर्ष होता. या गणिताच्या पद्धतीवर वाद झाले आहेत, आणि वाचकांनी ते जरूर वाचावेत. पण नातवाच्या दंडातली सुई आजीला वाचवू शकते, ही कल्पना त्यानंतर कोणी सहज बाजूला सारू शकले नाही.

आता पुन्हा हजेरीपटाकडे. १९१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कने केल्या नाहीत. आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड आणि बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचे म्हणणे असे होते, की शहरातली बहुसंख्य मुले कोंदट, खच्चून भरलेल्या चाळींत राहतात. शाळा त्याहून स्वच्छ आणि हवेशीर आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे रोज कोणीतरी त्यांच्याकडे पाहते. शिक्षक रोज सकाळी प्रत्येक मुलाची पाहणी करत आणि आजारी वाटणाऱ्याला वेगळे काढत. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर अभ्यासक आजही एकमताचे नाहीत. फ्रान्समधल्या एका अभ्यासात शाळांच्या सुट्यांमुळे मुलांमधला फ्लूचा प्रसार वीस ते तीस टक्क्यांनी घटतो असे दिसले, म्हणजे शाळा बंद ठेवण्याने उपयोग होतो हेही खरे. माझा कल मात्र बेकरबाईंकडे आहे. पोषण आहाराची खिचडी ज्याचे दिवसाचे मुख्य जेवण आहे, त्या मुलाची शाळा बंद करताना फार विचार करावा लागतो.

एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी पाहिलेली पद्धत येथे सांगतो. तिथल्या बाई गैरहजेरीच्या खुणेशेजारी पेन्सिलीने एक बारीक अक्षर लिहीत. ‘ता’ म्हणजे ताप, ‘पो’ म्हणजे पोटदुखी, ‘गा’ म्हणजे गावाला गेला, ‘शे’ म्हणजे शेतावर. एका जुलैत आठवड्यात पाच ‘ता’ पडले. बाईंनी नावे पाहिली; पाचांपैकी चौघे एकाच वस्तीवरून एकाच वडापने येत होते. त्यांनी त्याच दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन केला, वस्तीवर निरोप पाठवला की ताप असलेल्याला आठवडाभर पाठवू नका, अभ्यास मी भरून घेईन, आणि वडापवाल्याला पडदे गुंडाळून ठेवायला सांगितले. साथरोगशास्त्राच्या पुस्तकात ज्याला निगराणी म्हणतात ती हीच. तिला लागली एक पेन्सिल आणि मुलांची नावे-गावे माहीत असलेली एक व्यक्ती.

या निरोपातले ‘अभ्यास मी भरून घेईन’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. आजारी मुलाने घरी राहावे हे सर्वांनाच पटते, तरीही मुले येतात. चाचणी चुकेल म्हणून येतात. आईबाबा दोघे कामावर जातात, घरी कोण थांबणार म्हणून येतात. आणि पूर्ण हजेरीचे बक्षीस हुकेल म्हणूनही येतात. शंभर टक्के हजेरीबद्दल प्रमाणपत्र देण्याची प्रथा आपल्या शाळांत आस्थेने सुरू झाली, मुलांनी शाळेत टिकावे म्हणून. तिच्यामागच्या हेतूबद्दल मला आदर आहे. तरीही तापाच्या दिवसांची गैरहजेरी त्या हिशेबातून वगळावी असे मी मुख्याध्यापकांना नेहमी सुचवतो, आणि ते बहुतेकांना पटते. ताप उतरवणारे औषध न देता चोवीस तास अंग तापले नाही, की मूल शाळेत येऊ शकते, हा साधा नियम पालकसभेत सांगून ठेवावा.

हात आणि हवा यांबद्दल थोडे. कैरोतील साठ प्राथमिक शाळांत झालेल्या प्रयोगात, जिथे मुलांना दिवसातून दोनदा हात धुण्याची सवय लावली, तिथे फ्लूसदृश आजारामुळे होणारी गैरहजेरी ४० टक्क्यांनी आणि तपासणीत सिद्ध झालेल्या फ्लूमुळे होणारी गैरहजेरी निम्म्याने घटली. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या शाळांत असाच प्रयोग झाला तेव्हा निकाल इतका सरळ आला नाही. ए प्रकारचा फ्लू निम्म्यावर आला, पण एकूण फ्लूत ठळक घट दिसली नाही. असे दोन निकाल शेजारी ठेवून पाहण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी. टणक पृष्ठभागावर विषाणू एक-दोन दिवस तग धरतो, हातावर काही मिनिटेच. पण तेवढ्या मिनिटांत मुलाचा हात कितीदा नाकाकडे जातो ते मोजून पाहा. १५ ऑक्टोबरला आपल्याकडे हात धुवा दिन साजरा होतो, तोवर पावसाळा उलटलेला असतो. नळाजवळ साबण हवा तो जूनमध्ये. खिडक्यांचेही तसेच. पाऊस ज्या बाजूने येतो तिकडच्या लावा, समोरच्या आणि दार मात्र उघडे राहू द्या, म्हणजे वारा खेळता राहतो. खोकताना तळहात नव्हे, कोपराची खोबण तोंडापुढे धरायची, हे मुले मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

पावसाळ्याचा उल्लेख वारंवार आला, त्याला कारण आहे. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्याचा आजार. श्रीनगरमध्येही तसाच. पण पुणे-मुंबईत त्याचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो, आणि अनेकदा हिवाळ्याच्या अखेरीस एक लहान लाट येते. म्हणजे शाळा उघडणे आणि विषाणूचा हंगाम यांची गाठ आपल्याकडे पडते. परदेशी पुस्तकातला ‘ऑक्टोबरात लस घ्या’ हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. लस घ्यायची तर एप्रिल-मे, पाऊस येण्याआधी. जागतिक आरोग्य संघटना लसीतील घटक वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी; त्यांपैकी कोणती लस ताजी आहे हे डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांवरील मुलांना ती देता येते. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच घेत असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, म्हणून बहुतेक पालकांना खिशातून पैसे मोजावे लागतात, आणि त्यामुळेच ज्यांना तिची जास्त गरज, दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असलेली मुले, त्यांच्याकडे शाळेने आधी लक्ष द्यावे. विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षी ही लस साधारण चाळीस ते साठ टक्के संरक्षण देते. कोणी याहून अधिक वचन दिले तर सावध राहा. कोणी तिला निरुपयोगी म्हटले तरीही.

दोन सूचना पालकांसाठी, कारण त्या उशिरा कळून चालत नाहीत. फ्लूच्या तापात मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. त्यामुळे यकृत आणि मेंदूवर क्वचित पण गंभीर परिणाम होऊ शकतो. आणि श्वास जोरजोराने चालला, ओठ निळसर दिसले, मूल पाणी पिईना, गुंगीत राहू लागले, किंवा उतरलेला ताप पुन्हा जोराने चढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फ्लूचे औषध आजाराच्या पहिल्या दोन दिवसांत अधिक गुण देते. ते कोणाला द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. सौम्य आजाराच्या प्रत्येक मुलाला त्याची गरज नसते.

वाचन कुठून सुरू करावे, असे मला विचारले जाते. माझे उत्तर असे, की पुस्तकाआधी एक दुपार आपल्या जवळच्या शाळेत घालवा. मुख्याध्यापकांच्या परवानगीने गेल्या दोन-तीन वर्षांचे हजेरीपट मागून घ्या आणि जून ते सप्टेंबरची पाने उघडा. चौकटीच्या वहीच्या कागदावर रोजची गैरहजेरी मांडत जा. भातलावणीचे दिवस, बैलपोळा, गणपतीची सुट्टी यांना वेगळा रंग द्या. उरलेल्या रेषेत कुठे उंचवटा दिसला, तर त्या आठवड्यातली नावे वाचा: कोण कोणाशेजारी बसत होते, कोणाची भावंडे दुसऱ्या वर्गात होती, रिक्षा कोणाची एक होती. मग ते पान घेऊन वर्गशिक्षिकेजवळ बसा. त्यांना तो आठवडा बहुधा आठवत असेल.